सच्या, फायरवॉल सोड, कॉन्फिग बघ

प्रिय सच्या,

परवा फोनवर घाईत बोलणं झालं म्हणून आता नीट लिहितोय. सर्व्हरवर बसून ब्राउझरमध्ये टेस्ट केलं की तुझी सर्व्हिस मस्त चालते आणि घरच्या लॅपटॉपवरून तेच पान उघडलं की टेस्टचं बटणच येत नाही, आणि तू दोन दिवस फायरवॉलवाल्यांच्या मागे लागलायस. अरे, ते पानच सांगतंय बघ, टेस्ट फॉर्म फक्त लोकल मशीनवरून चालेल म्हणून.

तुझी सर्व्हिस एएसएमएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधली जुन्या पद्धतीची वेब सर्व्हिस. तिच्याशी बोलायच्या वाटा तीन, सोप (एक्सएमएलच्या पाकिटात घालून पाठवलेली रिक्वेस्ट), साधा गेट (लिंक उघडल्यासारखं, सगळं पत्त्यातच) आणि साधा पोस्ट (फॉर्म भरून पाठवल्यासारखं). २००३ मध्ये डॉट नेट १.१ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने गेट आणि पोस्ट बाय डिफॉल्ट बंद केले, फक्त त्याच मशीनवरून आलेला पोस्ट टेस्टिंगपुरता चालू ठेवला, म्हणून तुला आत चालतं नि बाहेर नाही. सोपची वाट बाय डिफॉल्ट उघडीच असते, तीही कोणी बंद केली नसेल तर सोपची रिक्वेस्ट बाहेरूनही जाईल, करून बघ.

वेब.कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, वेबसर्व्हिसेसच्या आत प्रोटोकॉल्सखाली एचटीटीपीगेट अ‍ॅड केलंस की गेट सुरू होईल, पण घाई करू नको रे, ती ओळ एका मेथडपुरती, म्हणजे सर्व्हिसच्या एका कामापुरती, नसते, त्या कॉन्फिगखालच्या सगळ्या वेबमेथड्स गेटने उघड्या पडतात आणि तुझ्याकडे ऑर्डर कॅन्सल करणारी मेथड पण आहे. कोणी तशी लिंक मेलमध्ये पाठवली आणि लॉगिन असलेल्या माणसाने नुसतं क्लिक केलं तरी ऑर्डर गेली! २००५ मध्ये गुगलचं वेब अ‍ॅक्सलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं, तेव्हा ज्यांनी डिलीट साध्या लिंकवर ठेवलं होतं त्यांचा डेटा असाच उडाला. गेट म्हणजे नुसतं वाचणं, हे एचटीटीपीत पहिल्यापासून गृहीत आहे, ब्राउझर, कॅशे, बॉट सगळे त्याच भरवशावर चालतात. म्हणून मला गेट मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्याने काही बदललेलं मला खपत नाही.

तू असं कर, वाचायच्या मेथड्स वेगळ्या एएसएमएक्स फाइलमध्ये काढ आणि कॉन्फिगमधल्या लोकेशन टॅगने (त्याने सेटिंग एका फाइलपुरतं ठेवता येतं) फक्त तिलाच गेट दे, कॅन्सल वगैरे सोपवरच राहू दे. सर्चवाल्या मेथडला मात्र तू अख्खा ऑब्जेक्ट पाठवतोस, तो गेटमधून जाणार नाही, तिथे आकडे नि स्ट्रिंग असलेच साधे पॅरामीटर चालतात, म्हणजे ती पण सोपवरच.

कॉन्फिग बदललंस की मला पाठव, टाकायच्या आधी मी एकदा बघतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
नित्या