भीती ऑपरेटरच्या आवाजात होती

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या जुन्या रेडिओ-रहस्यनाट्यांवरचा लेख वाचला. त्यातली निम्मी जागा ३० ऑक्टोबर १९३८ च्या, मंगळवासीयांच्या स्वारीच्या नभोनाट्यानेच खाल्ली आहे. ते खरं वाटून त्या रात्री उडालेली घबराट बरीचशी तिथल्या वर्तमानपत्रांनी फुगवली, असं आता अभ्यासक सांगतात (हे संपादकांनाच लिहिताना जरा संकोच वाटतो). पण ‘सस्पेन्स’ या रहस्यनाट्यांच्या रेडिओ-मालिकेला लेखात एकच ओळ, आणि तीही उलटी. त्या मालिकेतलं ‘सॉरी, राँग नंबर’ हे नाटक चित्रपटावरून रेडिओवर आलं नाही. चित्रपट १९४८ चा. ल्युसिल फ्लेचर यांचं नभोनाट्य २५ मे १९४३ चं.

माझी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर गेली, सुरुवातीची वर्षं ट्रंकवर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देण्यावर. म्हणून भाच्याने हे नाटक मोबाइलवर लावून दिलं तेव्हा मी ते वेगळ्याच कानांनी ऐकलं. आजारी बाई घरात एकटी. नवऱ्याच्या ऑफिसचा फोन सतत एंगेज. ऑपरेटरने जोडून दिलेला कॉल जातो भलतीकडे आणि क्रॉस कनेक्शनमध्ये दोन पुरुष बोलताना ऐकू येतात: आज रात्री सव्वाअकराला एका बाईला मारायचं, त्या वेळी पुलावरून गाडी जाते, किंकाळी ऐकू येणार नाही.

पुढचा सगळा वेळ बाई फोनच फिरवत राहते. डायलची घरघर, एंगेजचा सूर, ऑपरेटरचं गोड, पाठ केलेलं बोलणं. कॉल चालू असेल तरच माग काढता येतो, लाइन तुटली की नाही. शिवाय पोलिसांची रीतसर मागणी हवी. कुणी दुष्ट नाही, कुणी उद्धट नाही, सगळे नियमाने वागतात, आणि घड्याळ पुढे सरकत असतं. मला घाम फुटला तो मारेकऱ्यांमुळे नाही, त्या ऑपरेटरमुळे. बोर्डावर दिवे लुकलुकत असताना रडवेल्या माणसाला मीही त्याच गोड आवाजात ‘कृपया थांबा’ म्हटलेलं आहे.

अ‍ॅग्नेस मूरहेड यांनी ती बाई मुळीच गरीब गाय केलेली नाही. ती किरकिरी आहे, हुकूम सोडते. तिचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही ते थोडं त्यामुळेही. हीच भूमिका त्यांनी ‘सस्पेन्स’वर एकूण आठ वेळा केली.

तेव्हाच्या इतर मालिकांचा मार्ग वेगळा होता. ‘लाइट्स आउट’मध्ये कोबीवर सुरा चालवून मुंडकं उडवल्याचा आवाज काढत, ‘इनर सँक्टम’ची सुरुवात दाराच्या करकरीने होई. मजा येते, नाही असं नाही. पण कोबी तो कोबीच. टेलिफोनचा आवाज मात्र रेडिओवर ऐकला काय आणि घरात ऐकला काय, सारखाच. ऐकणाराही त्या बाईसारखाच, नुसत्या आवाजाच्या भरवशावर बसलेला.

लेखात म्हटलंय की लोक कंटाळले म्हणून ही नाटकं बंद झाली. ‘सस्पेन्स’ १७ जून १९४२ पासून ३० सप्टेंबर १९६२ पर्यंत चालली, नऊशेच्या वर भाग झाले. कधी वाइनवाले, कधी स्पार्क प्लगवाले तिचे प्रायोजक होते. हा जाहिरातींचा पैसा टीव्हीकडे वळला, तिथे रेडिओनाट्याचा कणा मोडला. कंटाळ्याचं खापर श्रोत्यांवर कशाला?

एक गंमत राहिली. पहिल्या प्रसारणात शेवटी एका नटाचा क्यू, म्हणजे बोलायची वेळ, चुकला. सगळं थेट प्रक्षेपण, पुन्हा घ्यायची सोय नाही. बाई मेली की वाचली, हेच कित्येकांना कळेना. पुढच्या आठवड्यात निवेदकाला खुलासा करावा लागला, आणि ऑगस्टमध्ये ते नाटक पुन्हा सादर झालं.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सांगली