शून्य निकालाची ओळ वाचणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

"काही सापडत नाही म्हणजे या विषयावर कामच झालेलं नाही, विषय बदला," असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. शोधाची ओळ, म्हणजे डेटाबेसच्या शोधपेटीत आपण टाकलेले शब्द, वाचायची तसदी मात्र त्यांच्यापैकी कुणी घेत नाही. माझ्या ओळीला शून्य निकाल आले तेव्हा तुम्ही ती वाचलीत, म्हणून हे जाहीर आभार.

कीबोर्डला हात लावण्याआधी तुम्ही एकच विचारलंत, "या निकालांत यायलाच हवा असा एखादा लेख माहीत आहे का?" खरी मेख त्या प्रश्नात होती. त्या लेखाचं शीर्षक टाकायचं. नोंदच मिळाली नाही, तर बहुधा डेटाबेस चुकीचा. नोंद मिळते पण आपल्या शोधात येत नाही, तर दोष ओळीत. मग 'ॲन्ड'ने (म्हणजे 'दोन्ही हवेत' या अर्थाने) जोडलेला एकेक भाग वेगळा चालवायचा आणि तो लेख कुठे गळतो ते पाहायचं. प्रत्येक भागासमोर तुम्ही पेन्सिलीने आकडा लिहिलात, जिथे शून्य आलं तिथे गोल केलात. त्या गोलाने जे समजावलं, ते प्रशिक्षणाच्या लांबलचक सादरीकरणांत कधी सापडत नाही.

गळतीची ठिकाणं तशी ठरलेलीच. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये साधं 'हार्ट अटॅक' टाकलं की तो आपणहून 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हा मेश मथळाही (लेखांना लावलेलं ठरावीक विषयनाम) शोधतो; अवतरणचिन्हं किंवा तारांकन (शब्दाचा शेवट काहीही चालेल, हे सांगणारी * ही खूण) लावलं की ही सोय बंद. ॲडव्हान्स्ड पानावरच्या हिस्टरीत 'डीटेल्स' उघडलं की त्याने नेमकं काय शोधलं ते दिसतं. बरं, फक्त मेश मथळ्यावर विसंबावं, तर मेडलाइनमध्ये (पबमेडचा मेश मथळे लावलेला मुख्य भाग) न आलेल्या नोंदींना ते मथळे नसतातच. म्हणून मथळा आणि साधे शब्द, दोन्ही 'ऑर'ने ('यापैकी काहीही चालेल') जोडायचे.

एकाच ओळीत 'ॲन्ड' आणि 'ऑर' आले, की कंसांचा घोळ तर विचारूच नका. पबमेड ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो, वेब ऑफ सायन्स हा दुसरा डेटाबेस 'ॲन्ड' आधी सोडवतो. कंस घातले की वाद मिटला. शब्दांमधल्या अंतराची खूणही (दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ हवेत, हे सांगणारी) सगळीकडे सारखी नाही: एब्स्कोच्या डेटाबेसांत 'एन३', स्कोपस या डेटाबेसमध्ये 'डब्ल्यू/३'. एकीकडची ओळ दुसरीकडे जशीच्या तशी चिकटवली की हमखास फसते. आणि मागच्या शोधातले फिल्टर! पबमेडमध्ये ते आपण काढेपर्यंत लागूच राहतात, आणि निकाल मुकाट्याने कमी होतात.

यातलं बरंचसं मदत-पानांवर लिहिलेलं असतं, हे खरं. पण समोरच्याला न हिणवता, ओळ त्याच्याच हाताने दुरुस्त करू द्यायची, हा सज्जनपणा तिथे मिळत नाही. कीबोर्ड तुम्ही शेवटपर्यंत आपल्याकडे ओढला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी