मोठ्यांच्या वॉर्डातला आरएसव्ही पण मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला सिस्टर होते, आता रिटायर झालेय. पत्र लांबणार आहे पण मागणं एकच आहे म्हणून ते आधीच सांगून टाकते. न्यूमोनिया होऊन, दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) वाढून, नाहीतर हार्ट फेल्युअरनं धाप लागून जे साठीच्या पुढचे पेशंट ॲडमिट होतात त्यांची फ्लू आणि कोविडबरोबर आरएसव्हीची पण टेस्ट करा, आणि जे आकडे येतील ते जिल्हावार जाहीर करा. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

आरएसव्ही म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. हे नाव निघालं की सगळ्यांना तान्ही बाळं आठवतात, आणि बरोबरच आहे, बाळांच्या वॉर्डात हा व्हायरस सगळ्यांच्या ओळखीचा. १९५६ साली अमेरिकेत आधी सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, मग वर्षभरात आजारी बाळांमध्ये मिळाला, आणि तेव्हापासून त्याच्यावर जो लहान मुलांचा आजार असा शिक्का बसला तो बसलाच. पण एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही असं याचं नाही, आयुष्यभर परत परत होतो. धडधाकट माणसाला सर्दीखोकल्यावर भागतं, नाक गळतं, आवाज बसतो, आठवड्यात माणूस कामाला. सत्तरीच्या म्हाताऱ्याला मात्र तोच व्हायरस ऑक्सिजनवर आणतो.

आमच्या वॉर्डात पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत काय चालतं ते सांगते, कारण मंत्रालयात जाणाऱ्या रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. घरात नातवाला सर्दी झालेली असते, अंगणवाडीतून नाहीतर शाळेतून आलेली, तो आजीच्याच मांडीवर खेळत असतो. चार-पाच दिवसांनी आजीला खोकला, मग छातीत घरघर, गावच्या डॉक्टरकडं दोन सलाइन आणि एक अँटिबायोटिक, आणि मग रात्री अकराला जीपमधून आमच्याकडं, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅचुरेशन चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. अशा बायकांची फुफ्फुसं निम्मं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेली, पुरुषांची विडीत, कुणाचा जुना टीबी बरा झालेला पण व्रण राहिलेला, शुगर तर जवळपास सगळ्यांनाच. ऑक्सिजन लावायचा, नेब्युलायझर द्यायचं, स्टिरॉइड चालू, भारीतलं अँटिबायोटिक चालू, छातीचा फोटो. फ्लूचा स्वॅब निगेटिव्ह, कोविड निगेटिव्ह. मग केसपेपरवर काय लिहायचं? एलआरटीआय, म्हणजे छातीतलं इन्फेक्शन. किंवा सीओपीडी वाढला. किंवा नुसतंच व्हायरल न्यूमोनिया. डिस्चार्ज कार्डवर पण तेच, आणि पेशंट गेला तर मृत्यूच्या कारणाच्या फॉर्म ४ वर पण तेच. आरएसव्हीच्या न्यूमोनियाला आजारांच्या जागतिक यादीत वेगळा कोड आहे साहेब, जे १२.१, पण मोठ्यांच्या वॉर्डात मी तो कुणी लिहिलेला बघितला नाही, कारण टेस्टच केली नाही तर लिहिणार कसा.

आता तुम्ही म्हणाल हे सगळे आरएसव्हीचेच कशावरून? सगळे नाहीतच. पण अमेरिकेत रोचेस्टर नावाच्या गावात चार हिवाळे असंच बसून मोजलं, २००५ मध्ये ते छापून आलं. न्यूमोनियानं ॲडमिट झालेल्या म्हाताऱ्या आणि जोखमीच्या पेशंटमध्ये १०.६ टक्क्यांना आरएसव्ही, सीओपीडीवाल्यांत ११.४ टक्के, हार्ट फेल्युअरवाल्यांत ५.४, दम्यात ७.२. ॲडमिट झालेल्या आरएसव्हीवाल्यांत १५ टक्क्यांना आयसीयू लागलं आणि ८ टक्के दगावले. त्याच वॉर्डांत फ्लू ए च्या पेशंटचे आकडे १२ आणि ७. म्हणजे ज्या फ्लूसाठी आपण २००९ पासून पुण्याच्या स्वाइन फ्लूच्या अनुभवावरून अख्खी यंत्रणा उभी केली, त्याच्याच तोडीचा हा. हार्ट फेल्युअरचा आकडा तर मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्या पेशंटकडं कुणी इन्फेक्शन म्हणून बघतच नाही, पाय सुजलेत, धाप लागलीय, लघवी होऊन सूज उतरायचं लॅसिक्स चढवा आणि झालं.

ते आकडे तिकडचे आहेत हे मला कळतं. आपल्याकडचे पेशंट वेगळे, हवा वेगळी, सीझन वेगळा, तिकडं थंडीत येतो, आपल्याकडं पावसाबरोबर जास्त. म्हणूनच तर आपले आकडे पाहिजेत. स्वाइन फ्लूचे, डेंग्यूचे आकडे दरवर्षी पेपरात येतात, मोठ्या माणसांच्या आरएसव्हीचा जिल्ह्याचा आकडा तुम्ही कधी वाचलाय का? आणि हे अशा राज्यात, जिथं पुण्याला १९५२ पासून व्हायरसवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बसलीय.

जानेवारी २०२५ आठवा. श्वसनाचाच आणखी एक व्हायरस, एचएमपीव्ही एचएमपीव्ही म्हणून चॅनेलवाल्यांनी दोन आठवडे डोकं उठवलं, लोक परत मास्क शोधायला लागले, खात्यानं सूचना काढल्या, श्वसनाच्या पेशंटवर लक्ष ठेवा म्हणून. आरएसव्ही त्याचा सख्खा चुलत भाऊ, जुना आणि जास्त माणसं ॲडमिट करणारा. त्याच्यासाठी मोठ्यांच्या वॉर्डात एक साधा फोन पण येत नाही कारण तो चीनमधून आल्याची बातमी नाही.

रेसिडेंट डॉक्टर लोक एक प्रश्न विचारायचे, सिस्टर टेस्ट करून करायचं काय, औषध तर नाहीच. अर्धं खरं आहे. फ्लूचं टॅमीफ्लू याच्यावर चालत नाही, अँटिबायोटिक चालत नाही, रिबाव्हिरिन नावाचं औषध वापरतात ते बोनमॅरो बदललेल्या वगैरे पेशंटमध्ये. बाकी ऑक्सिजन आणि धीर. पण टेस्टनं वॉर्ड चालवायची पद्धत बदलते, आणि ते औषधापेक्षा कमी नाही. हा व्हायरस थेंबांतून पसरतो तसाच हातातून पण पसरतो, कॉटच्या दांडीवर, टेबलावर, स्टीलच्या भांड्यावर काही तास जिवंत राहतो. आमच्याकडं एका कॉटला एक पेशंट आणि दोन नातेवाईक, खाली जमिनीवर गादी घालून आणखी एक पेशंट, नेब्युलायझरचा मास्क धुवून पुढच्याला, आणि सर्दी झालेला वॉर्डबॉय मामा नाहीतर सिस्टर पण ड्यूटीवर, कारण सर्दीला रजा कोण देतं. आठव्या नंबरची आजी आरएसव्ही घेऊन आली की बाराव्या नंबरचा हार्टचा पेशंट, जो उद्या घरी जाणार होता, तो चार दिवसांनी परत धापा टाकायला लागतो आणि सगळे म्हणतात हार्टच वाढलं. स्वॅब पॉझिटिव्ह आहे हे कळलं तर निदान ती कॉट कोपऱ्यात नेता येते, मास्क वेगळा ठेवता येतो, नातवंडांना वॉर्डात आणू नका म्हणून दम देता येतो. आणि बॅक्टेरियाची काहीच खूण नसेल तर भारी अँटिबायोटिक थांबवायला डॉक्टरला हातात एक कागद मिळतो. नुसत्या शंकेवर कुणी थांबवत नाही, मी असते तर मी पण नसतं थांबवलं.

टेस्ट कुठली, हे पण लिहिते, नाहीतर खरेदीवाले स्वस्तातली कार्ड टेस्ट घेऊन मोकळे होतील. बाळांच्या नाकात व्हायरस भरपूर असतो म्हणून कार्डवर येतो. मोठ्यांत तो थोडा असतो, त्यात पेशंट आपल्याकडं पोचतो तोपर्यंत पाच-सहा दिवस उलटलेले, कार्ड निगेटिव्ह येणार आणि सगळे म्हणणार बघा नाहीच आरएसव्ही. पीसीआरच पाहिजे, आणि खोकून बेडका पडत असेल तर तो पण पाठवायचा, नुसत्या नाकाच्या स्वॅबपेक्षा जास्त सापडतात.

यासाठी नवीन बिल्डिंग नको, नवीन फीत कापायला नको. टीबीच्या कार्यक्रमातलं सीबीनॅट मशीन, थुंकीतला टीबीचा जंतू पीसीआरनं शोधणारं, जिल्ह्याला आहे, बऱ्याच तालुक्यांना पण आहे. त्याच मशीनवर कोविड, फ्लू ए, फ्लू बी आणि आरएसव्ही चारही एका कार्ट्रिजमध्ये (नमुना घालून मशीनमध्ये ठेवायची टेस्टची डबी) तासाभराच्या आत कळतात. फक्त एक अट घाला. कोविडच्या वेळी हीच मशीनं आणि गोव्याच्या कंपनीची ट्रूनॅट मशीनं कोविडला लावली आणि टीबीच्या तपासण्या मागं पडल्या. तसं परत व्हायला नको, टीबीचे थुंकीचे नमुने पहिले, मग हे. जिथं मशीनवर लोड जास्त आहे तिथं कोविडमध्ये उभ्या केलेल्या आरटीपीसीआर लॅबकडं नमुने पाठवा. कार्ट्रिज महाग आहे, म्हणून प्रत्येक खोकणाऱ्याची करा असं मी म्हणतच नाही. ठरावीक हॉस्पिटलं निवडा, आठवड्यातले ठरावीक वार ठरवा, त्या दिवशी ॲडमिट झालेल्या साठीपुढच्या सगळ्या धापेच्या पेशंटची करा, न्यूमोनिया असो की हार्ट. एवढ्यावर पण वर्षभरात चित्र दिसेल.

आणि लस. मोठ्यांसाठीची पहिली लस अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाली, त्याच महिन्यात दुसरी पण. इंग्लंडनं सप्टेंबर २०२४ पासून ७५ ते ७९ वयाच्या लोकांना सरकारी खर्चानं एक डोस द्यायला सुरुवात केली, आणि गरोदर बायकांना पण, म्हणजे बाळाला जन्मापासून संरक्षण. दरवर्षीचा नाही, एकच डोस. मी उद्यापासून सगळ्यांना टोचा म्हणत नाहीये. महाग आहे, क्वचित कुणाला टोचल्यावर जीबीएस (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडायचा आजार) होऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२५ मध्ये इशारा पण छापायला लावला, आणि जीबीएस म्हणजे काय ते पुण्याला वेगळं सांगायला नको, त्याच वर्षी वेगळ्या कारणानं सिंहगड रोडनं ते भोगलंय. पण आज ना उद्या ही फाईल तुमच्या टेबलावर येणार, कंपनीवाले पण येणार त्यांचे आकडे घेऊन, तेव्हा समोर ठेवायला आपल्या राज्याचा स्वतःचा कागद पाहिजे ना, किती ॲडमिट होतात, कुठल्या वयाचे, कुठल्या महिन्यात, किती दगावतात, चुलीवाल्या बायकांना जास्त का. तो नसेल तर एकतर तुम्ही त्यांच्या आकड्यांवर सही कराल नाहीतर पैसे नाहीत म्हणून फाईल परत पाठवाल.

अडचण मला माहीत आहे. सिव्हिल आणि ग्रामीण रुग्णालयं तुमची, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण खात्याची, मुंबईतली मोठी हॉस्पिटलं महापालिकेची. एक स्वॅब घ्यायचा तर तीन ठिकाणी पत्रं फिरणार. त्यामुळं सगळ्यांची वाट न बघता तुमच्या सिव्हिल हॉस्पिटलांपासून चालू करा, कोकणात एक, पश्चिम महाराष्ट्रात एक, खानदेशात एक, मराठवाड्यात एक, विदर्भात दोन, कारण तिकडं थंडी पण जास्त आणि उन्हाळा पण, सीझन वेगळा निघायची शक्यता आहे. फॉर्म भरायला सिस्टरलाच लावणार हे पण मला माहीत आहे, मग निदान फॉर्म एक पानाचा करा, आणि एकदा भरला की परत तेच ऑनलाइन भरा असं सांगू नका.

कार्ट्रिजची ऑर्डर मार्च-एप्रिलमध्ये निघाली तर जुलैपर्यंत माल पोचतो. जूनमध्ये मीटिंग घेतली तर माल दिवाळीला येईल आणि तोपर्यंत वॉर्ड रिकामा झालेला असेल.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, मेडिसिन वॉर्ड