खरखर स्टेशनची की घरातली?

संपादक महोदय,

‘मीडियम वेव्हवर हल्ली खरखरीशिवाय काही लागत नाही,’ अशी तक्रार श्रोते सर्रास करतात. स्टेशनला दोष देण्याआधी त्याची वाहक लहर, म्हणजे कॅरियर, संचापर्यंत येते का ते पाहावे.

पुणे आकाशवाणीचे उदाहरण घेऊ. तिची कॅरियर ७९२ किलोहर्ट्झची. १ किलोहर्ट्झचा सूर थेट प्रक्षेपित करायचा तर तरंगलांबी ३०० किलोमीटर, म्हणजे पाव तरंगलांबीचा मनोरा ७५ किलोमीटर उंच हवा! ७९२ ला तोच हिशेब ९५ मीटरवर येतो. म्हणून ७९२ ची अखंड लहर सोडून तिचा आयाम, म्हणजे लहरीची उंची, आवाजाबरहुकूम कमीजास्त करतात. हेच मॉड्युलेशन. तो सूर मग ७९१ आणि ७९३ वर उमटतो. १०० टक्के मॉड्युलेशनलाही दोन तृतीयांश शक्ती कॅरियरमध्येच जाते. त्याहून ताणले की आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनातही घुसतो.

निवेदक क्षणभर थांबेल तेव्हा कान द्या. काटा स्टेशनवर येताच खरखर दबली, तर कॅरियर पोहोचते आहे. ती मिळताच संचातले एजीसी, म्हणजे ग्रहणाची वाढ आपोआप सांभाळणारी जोडणी, ती वाढ (गेन) उतरवते, म्हणून खरखर दबते. खरखर दबतच नसेल तर संच सेलवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. आवाज स्वच्छ झाला, तर दोषी घरातच आहे. सगळे एमसीबी (खोल्यांचे छोटे स्विच) उतरवून मेन चालू करा आणि एकेक चढवत जा, सापडेल.

बहुतेकदा तो स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर निघतो. त्यातले स्विचिंग, म्हणजे वीज वेगाने चालूबंद करणे, आपल्या वारंवारितेच्या पटींवरही गोंगाट करते. ते समजा ६६ किलोहर्ट्झचे असेल, तर त्याची १२ वी पट नेमकी ७९२ वर पडते! संच टेबलावर सपाट फिरवून पाहा: आतल्या फेराइट दांड्याचे (संचाच्या अँटेनाचे) टोक दोषी वस्तूकडे झाले की गोंगाट कमी होतो. वायरवर नुसती फेराइट क्लिप लावून मीडियम वेव्हवर फारसा फरक पडत नाही. मोठ्या फेराइट रिंगमधून वायरचे ८-१० वेढे घ्यावे लागतात.

मुळात दिव्याच्या इनपुटलाच चोक (तारेची गुंडाळी) आणि कपॅसिटरचा, गोंगाट अडवणारा फिल्टर हवा. स्वस्त मालात पैसे वाचवायला नेमका तोच गाळतात. एफएम डोंगराआड अडते, तिथे मीडियम वेव्हची भू-लहर, म्हणजे जमिनीलगत जाणारी लहर, पोहोचते. घाटाखालच्या गावांना तिचाच आधार आहे. दुकानात येणाऱ्या दिव्यांचे नमुने उचलून त्यांच्या रेडिओ गोंगाटाची तपासणी व्हावी आणि नापास माल विक्रीतून काढावा.

— एक रेडिओ तंत्रज्ञ, सातारा