‘दीनमित्र’चे अंक वाचवा : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली सुरू केलेल्या ‘दर्पण’ची आठवण म्हणून दरवर्षी ६ जानेवारीला आपल्या राज्यात पत्रकार दिन साजरा होतो. त्या दिवशी पुण्या-मुंबईच्या थोर संपादकांची नावे घेतली जातात आणि ती घ्यायलाच हवीत. परंतु शहराकडे न जाता खेड्यात राहूनच सत्तावन्न वर्षे साप्ताहिक चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांचे नाव त्या भाषणांत मी क्वचितच ऐकले आहे. त्यांच्या ‘दीनमित्र’च्या जुन्या अंकांसाठी हे पत्र लिहीत आहे.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ चा. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढणारे कृष्णराव भालेकर हे त्यांचे वडील. दत्तक गेल्यामुळे मुकुंदरावांचे आडनाव पाटील झाले. ‘दीनमित्र’ हे नावही त्यांना घरातूनच मिळाले होते, कारण दत्तक घराण्यातील गणपतराव पाटलांनी १८८८ मध्ये याच नावाचे मासिक काढले होते आणि ते अल्पायुषी ठरले होते. त्याच नावाने मुकुंदरावांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी नगर जिल्ह्यातील सोमठाणे या गावी साप्ताहिक सुरू केले आणि पुढे नेवासा तालुक्यातील तरवडीहून ते चालवले. २० डिसेंबर १९६७ रोजी मुकुंदराव गेले, तोवर ते चालू होते.

१९१० हे वर्ष पत्र काढायला सोयीचे मुळीच नव्हते. त्याच वर्षी आलेल्या वृत्तपत्रविषयक कायद्याने सरकारला पत्रांकडून वाटेल तेव्हा जामिनाची रक्कम मागण्याचा अधिकार दिला आणि अशाच जामिनापायी शिवराम महादेव परांजप्यांचे ‘काळ’ बंद पडले. पुण्यातले नावाजलेले पत्र जिथे टिकू शकले नाही, तिथे गावातल्या माणसाने पत्र काढावे, तेही ज्या शेतकऱ्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी, हे धाडस मला आजही थक्क करते. गावात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशा वाचनाचा तो काळ होता, आणि मुकुंदरावांना त्याची पक्की जाण होती. गावचे दप्तर वंशपरंपरेने सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांवरचे त्यांचे ‘कुळकर्णी लीलामृत’ हे पुस्तक पोथीच्या वळणाने, ओवीबद्ध आहे. पारावर बसून ज्यांनी पोथ्या ऐकल्या होत्या, त्यांना त्याच चालीवर गावच्या दप्तराचा, खोट्या नोंदींचा आणि वतनाच्या जोरावर होणाऱ्या पिळवणुकीचा हिशेब ऐकू आला. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने बरखास्त केली. मुंबई राज्यात त्यासाठी १९५० च्या कायद्याची वाट पाहावी लागली. तो कायदा झाला तेव्हा ‘दीनमित्र’ चाळिशीला पोचला होता. ज्या अन्यायाविरुद्ध तरुणपणी लेखणी उचलली, त्याचा कायद्याने झालेला शेवट त्याच पत्राच्या संपादकपदावर असताना पाहायला मिळणे, हे भाग्य फार थोड्या पत्रकारांच्या वाट्याला आले असेल.

महोदय, मुकुंदरावांचे ग्रंथ आणि अग्रलेख अभ्यासकांनी जपले आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र अग्रलेख म्हणजे अख्खा अंक नव्हे. कडेला छापलेले वाचकाचे पत्र, जाहिरात, वर्गणीची विनवणी, एखाद्या गावच्या सभेची चार ओळींची बातमी, यांतूनच त्या काळचे खेडे दिसते. त्या काळी सरकारचे भाषांतरकार देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला काढत असत. मूळ अंक गेले, तर आपल्या शेतकऱ्याचे बोलणे आपल्याला परक्या सत्तेने काढलेल्या त्या गोषवाऱ्यांतून शोधावे लागेल, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील आम्लामुळे तो आधी पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात मी त्या काळातील एका साप्ताहिकाची फाईल उघडली, तेव्हा पान उलटताना त्याचा कोपरा माझ्या बोटांत राहिला. तो तुकडा परत जागेवर ठेवताना मला जी अपराधी भावना झाली, ती अजून गेलेली नाही. त्यानंतर मी ती फाईल पुन्हा मागितली नाही. जपायचे म्हणून वाचायचे नाही, अशी वेळ वाचकावर येऊ नये.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. आपला विभाग, राज्य मराठी विकास संस्था आणि पुराभिलेख संचालनालय यांनी मिळून ‘दीनमित्र’चे अंक कोणाकोणाकडे आहेत याची एकच यादी आधी करावी, त्यात ग्रंथालयांइतकाच खेड्यापाड्यांतल्या घरांचा शोध घ्यावा, कारण हे पत्र जात होते ते तिथेच. मग जिथे अंक असतील तिथेच जाऊन त्यांची छायाचित्रे घ्यावीत. ठिसूळ कागदाला मुंबईचा प्रवास घडवू नये. जुन्या खिळ्यांच्या छपाईतून शोधता येईल असा मजकूर काढण्याचे काम सावकाश झाले तरी चालेल, पण छायाचित्रांना उशीर परवडणारा नाही.

हक्कांची अडचण सांगितली जाईल, म्हणून तेही लिहितो. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजली जातात. मुकुंदराव १९६७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्काची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते आणि १ जानेवारी २०२८ पासून ते सर्वांना खुले होते. तोवर वारसांना विश्वासात घेऊन छायाचित्रणाचे काम पुरे करावे आणि त्या दिवशी ‘दीनमित्र’चे उपलब्ध अंक तरवडीच्या शाळेतल्या मुलालाही विनामूल्य वाचता यावेत, असा आदेश आपण काढावा. येत्या पत्रकार दिनापूर्वी निदान अंकांची यादी करण्याचे काम कोणाकडे सोपवले, एवढे जाहीर झाले तरी आम्हा वाचकांना पुढचे काम करता येईल. घरोघरी जाऊन अंक शोधायला आम्ही तयार आहोत.

आपला नम्र,
एक मराठी वाचक