बरणीतलं ज्येष्ठमध मी आणलंय

डोंबिवली,
१० डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, उंदरांना शिव्या घालू नकोस. फडताळातल्या चिनीमातीच्या बरणीतलं ज्येष्ठमध मी आणलं, येताना माझ्या बॅगेत घालून, एक कांडी मागे न ठेवता. बरणी जागेवर आहे, आजीच्या वस्तूला मी हात लावलेला नाही. तिच्यात खडीसाखर आणि वेलदोडे भरून ठेवलेत. फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्याकडे फोन स्पीकरवर टाकून खळ्यातल्या चार माणसांत ऐकायची पद्धत. मग बाबा "माका काय्येक होणा नाय" म्हणून फोन तुझ्या हातात देतात आणि तू गप्प होतेस. तुझं गप्प होणं मला इतक्या लांबून सोसत नाही. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही नेहमीसारखं आईला वाचून दाखवा, पण मधलं काही गाळू नका. गाळलंत तर तिला कळतं, तिचं लक्ष तुमच्या चष्म्याकडे असतं.

कुडाळला डॉक्टरांनी बाबांना तपासून बाहेर पाठवलं आणि मी आत रेंगाळले, ते बिलासाठी नव्हतं. आधी त्यांनी विचारलं होतं, गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध चालू आहे का. बाबा, तुम्ही "नाही" म्हणालात आणि ते खोटं नव्हतं. आपल्या घरात काढ्याला औषध कोण म्हणतं? पण मला राहवलं नाही. मी त्यांना आईच्या काढ्यात काय काय पडतं ते सांगायला लागले. आलं, मिरी, तुळस, गवती चहा, इथपर्यंत ते मान हलवत होते. ज्येष्ठमध म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस? रोज? आणि चघळतातसुद्धा?" मी सगळ्याला हो म्हणत गेले.

मग त्यांनी जे उलगडून सांगितलं ते मी घरी येऊन पुन्हा वाचून, पडताळून लिहितेय. बाबांची बीपीची पहिली गोळी, रामिप्रिल, श्रावणात सुरू झाली. गोळी चांगली आहे, पण त्या जातीच्या गोळ्यांनी साधारण दहातल्या एखाद्याला कोरडा खोकला लागतो. बाबांना तो चतुर्थीच्या तोंडावर लागला. घरोघरी भजनं, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची, डबलबारीची सुपारी घेतलेली, आणि बुवाच खोकतोय! तेव्हा तू काढा सुरू केलास आणि बाबांच्या खिशात कांडी आली. इथपर्यंत कुणीही हेच केलं असतं, मीही केलं असतं.

पण ज्येष्ठमधाची जी गोडी आहे ना, तिच्यातच मेख आहे. त्या गोड घटकाचं नाव ग्लिसिरायझिन, साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड. तो पोटात गेला की मूत्रपिंडातल्या एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम रोखतो. ते विकर एरवी शरीरातल्या कॉर्टिसोल या संप्रेरकाला तिथे निष्प्रभ करत असतं. ते थांबलं की मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पावलं सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात. बीपी चढलं म्हणून डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी दुसरी गोळी जोडली, तिनं पोटॅशियम आणखी गेलं. गोळे आले म्हणून तू सुंठीचा लेप लावलास, आणि थकवा दिसतो म्हणून एकवेळचा काढा दोन वेळचा केलास. खोकला मूळ गोळीचाच, तो कशानं थांबणार? दिवाळीत बीपी १७६/१०० आणि पोटॅशियम २.९ आलं ते असं. ३.५ च्या खाली ते जाऊ नये, फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. सगळे जण आपापल्या जागी बरोबर होते, डॉक्टरसुद्धा, कारण त्यांना काढ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

आई, आता तू गप्प झाली असशील. बाबा, इथे थांबून तिला पाणी द्या.

तू चुकलीस असं मी म्हणत नाहीये, गो. चरकसंहितेत गळ्याला हितकर म्हणून जी दहा औषधं एकत्र सांगितली आहेत त्यांत ज्येष्ठमध आहे, मधुक या नावानं. म्हणजे तुझ्या आईनं तुला आणि तू आम्हाला जे दिलंस त्याला पाया आहे. माझी तक्रार उलटी आहे. आपण त्याला औषध मानलं असतं तर डॉक्टरांना सांगितलं असतं, किती दिवस घ्यायचं ते ठरवलं असतं. चार दिवस घसा बसला म्हणून कांडी चघळणं वेगळं, आणि बीपी असलेल्या माणसानं तीन महिने रोज काढा पिणं वेगळं. युरोपातल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सांगितली आहे, पण प्रत्येक मुळीत ते कमी-जास्त असतं, आपण चुलीपाशी मोजणार कसं? म्हणून बाबांसाठी ते बंदच. "थोडं चालेल का" हा प्रश्न मी तुमच्या वतीनं विचारून आले आहे. नाही म्हणाले.

मी शहरात राहून घरच्या औषधांना नाकं मुरडायला शिकले असंही कृपा करून मनात आणू नका. बाबा, हळदीच्या पेटंटची गोष्ट मला तुम्हीच सांगितली होती. जखमेवर हळद लावण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ आणि १९५३ चा छापील शोधनिबंध पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख माशेलकर, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे, हे सांगताना तुमची छाती अशी फुगायची की पेटंट तुम्हीच परत आणलंत. ती हळद चालू ठेवा. रात्री दुधात, भाजीत, खरचटलं तर वरून. फक्त दादानं मस्कतहून आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल नकोत. त्यांत मिरीचा अर्क मिसळलेला असतो. मिरीतल्या पायपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन वीसपट शोषलं जातं असं १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्समधल्या संशोधनात दिसलं होतं. पण तेच पायपरीन इतर गोळ्यांचं शोषणही बदलू शकतं. आमटीत चिमूटभर मिरी पडली तर काही होत नाही, कॅप्सूलचा हिशेब निराळा. दादाला मी कळवते, तुम्ही त्याच्याशी वाद घालू नका.

काल इथे थंडी पडली आणि लेकीच्या छातीत घरघरलं. मी तव्यावर ओवा गरम केला, जुन्या रुमालात बांधला, गालाला लावून बघितला आणि मग तिच्या छातीवर ठेवला. गालाला लावून बघायचं मला कुणी शिकवलेलं नाही, तू करताना मी खालून बघितलेलं आहे. त्या वासात मला एकदम आपली माजघरातली कोपऱ्याची खाट दिसली. ताप आला की उकड्या तांदळाची पेज, वर सुक्या बांगड्याचा निखाऱ्यावर भाजलेला तुकडा, आणि तू कपाळावर ठेवलेला हात, कांद्याचा वास येणारा. आणि लावणीच्या दिवसांत चिखलानं फुटलेल्या टाचांना भिरंडेल. कोकमाच्या बियांचा तो पांढरा गोळा दिव्यावर वितळवून तू भेगांत भरायचीस आणि मी किंचाळायचे. ऑफिसातल्या एकीनं मध्यंतरी कोकम बटर म्हणून इवलीशी डबी दाखवली, किंमत सांगितली तर तू घेरी येऊन पडशील.

असो. आता कामाचं.

सकाळची गोळी आता टेल्मिसार्टन. तिनं खोकला सहसा होत नाही. जुनी रामिप्रिल आणि पाणी काढणारी गोळी बंद, त्यांची पाकिटं "वाया कशाला" म्हणून ठेवू नका. ज्येष्ठमध सुटलं तरी त्याचा परिणाम दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि गोळीचा खोकला जायलाही काही आठवडे लागतात. तेव्हा आठ दिवसांत "नवीन गोळी लागू पडत नाय" असा निकाल लावायचा नाही. खोकला आला तर रात्री चमचाभर मध, आल्याच्या रसात. आई, तुझं पातेलं बंद करायला मी सांगत नाहीये. आलं, गवती चहा, तुळशीची चार पानं, दोन मिरीदाणे, हवा तेवढा उकळ. बुवांचा आवाज आधीही त्यावरच चालायचा.

मिठाचं ऐक. तू "मी सैंधवच घालते" म्हणतेस, पण सैंधव म्हणजेही मीठच, रंग गुलाबी एवढंच. दुकानात 'बीपीवाल्यांचं' म्हणून मीठ मिळतं तेही आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ही नवी गोळी पोटॅशियम धरून ठेवणारी, उलट बाजूनं घोळ व्हायचा. आहे तेच मीठ कमी घाला. कोकमाचं आगळ टिकतं ते भरपूर मिठावर, म्हणून कढी आगळाची नको. सोलं धुऊन भिजत घाल, कोळून घे, वरून मीठ घालू नकोस. कढी सोडायला मी सांगेन का? बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं दोन जास्त ठेचून टाक आणि एखादं सोल वाढव, मीठ कमी पडलेलं बाबांना कळणारसुद्धा नाही. (बाबा, हे वाक्य मोठ्यानं वाचू नका.) खारा बांगडा महिन्यातून एखादे वेळी, तोही रात्रभर पाण्यात ठेवून. लोणच्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण खार तरी पुसून घ्या.

झोपेसाठी जायफळ उगाळता ते चिमूटभरच. माडाखाली आपली झाडं लागलीत आणि फळं उदंड आली म्हणून हात सैल सोडू नका. एका जायफळाचं वजन पाच-सहा ग्रॅम असतं आणि तेवढं अख्खं पोटात गेलं तर माणसाला भ्रम होतो, छाती धडधडते. दालचिनी मात्र आपल्याच झाडाची वापरा. दापोलीहून आणलेली ती 'कोकण तेज' पातळ सालीची आहे. बाजारात जी जाडजूड, कडक साल मिळते ती बहुधा कॅसिया, तिच्यात कूमारिन नावाचा घटक जास्त, रोज खाल्ली तर यकृताला जड.

बीपीचं मशीन कुरियरनं निघालंय. पट्टा दंडाला बांधायचा, मनगटाला नाही. पाच मिनिटं टेकून गप्प बसायचं, मग बटण दाबायचं. गप्प म्हणजे अभंगाची चालही गुणगुणायची नाही. सकाळ-संध्याकाळचा आकडा कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. शेजारच्या वहिनींशी मी बोललेय, त्या पहिले काही दिवस येऊन लावून देतील, त्यांना चहा पाजा आणि माझी गाऱ्हाणी सांगू नका. येत्या सोमवारी रक्त तपासायचं, पोटॅशियमसाठी. रिक्षा सांगून ठेवली आहे, पैसे दिलेत, तेव्हा "एसटीनं जातो" हा विषय काढायचा नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं की काढा, लेप, चाटण, सगळं सांगायचं. आई, तू कागदावर लिहून दे. तुझं अक्षर बाबांपेक्षा बरं आहे.

भजन सोडायला कुणीही सांगितलेलं नाही, मी मुद्दाम विचारलं. जत्रेला जा, रात्री गार वाऱ्यात कानाला मफलर बांधा, पखवाजवाल्यांच्या घरची भजी दोनच खा. एवढं सगळं मी का करतेय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अण्णाकाकांच्या वेळी आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो होतो. ते पुन्हा नको.

माघी गणपतीला आम्ही तिघंही येतोय, कोकणकन्येचं रिझर्व्हेशन झालंय. पेजेसाठी उकडे तांदूळ जास्तीचे कांडून ठेव. ह्यांचा नमस्कार, नातीची पापी.

तुमची,
शुभा

ता. क. बाबा, पानाच्या डब्यातल्या पितळी डबीत जी पिवळी कातरलेली काडी आहे ती बडीशेपेची नाही, हे मला येताना गाडीत आठवलं. ती आई हे वाचून होताच टाकून देईल. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला "मुलेठी नको" म्हणून सांगा, आणि खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या घेताना पाकिटावर यष्टिमधु लिहिलंय का ते बघा, दोन्ही ज्येष्ठमधाचीच नावं. अक्षरं बारीक असतात. चष्मा लावून.