वीज आल्यावर सर्व्हरचा कोटाही सुरू व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात वादळी पावसाच्या दिवसांत वीज वारंवार जाते आणि बॅटरीचा आधार संपला की महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे सर्व्हरही बंद पडतात. वीज आल्यावर सर्व्हर सुरू होतो, परंतु विद्यार्थ्यांच्या खात्यांवरील जागेची मर्यादा, म्हणजे डिस्क कोटा, अनेकदा सुरू होत नाही. मग काही खात्यांत चित्रपट साठून डिस्क भरते, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी इतरांना साधा प्रोग्रामही जतन करता येत नाही आणि नवी डिस्क घेण्याचा प्रस्ताव तयार होतो.

दोष बहुधा डिस्कचा नसतो. कोटा बसवणाऱ्याने ‘कोटाऑन’ ही कोटा चालू करणारी आज्ञा हाताने दिलेली असते आणि तिचा अंमल संगणक बंद होईपर्यंतच टिकतो. मर्यादांची नोंद मात्र फाइलमध्ये शाबूत राहते, त्यामुळे मर्यादांचा तक्ता पाहणाऱ्याला सारे सुरळीत आहे असेच वाटते.

एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) कायमचा उपाय असा की, एफएसटॅब या डिस्कच्या विभाजनांची यादी असलेल्या फाइलमध्ये त्या विभाजनाच्या ओळीत ‘यूएसआरकोटा’ हा पर्याय लिहावा आणि कोटाची साधने बसवलेली असावीत; सिस्टिमडी (संगणक सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्समध्ये मग सुरू होतानाच आधी ‘कोटाचेक’ (प्रत्येकाने वापरलेली जागा पुन्हा मोजणारी आज्ञा) व नंतर ‘कोटाऑन’ चालवण्याची व्यवस्था होते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अचानक वीज गेल्यावर वापराची जुनी नोंद प्रत्यक्षाशी जुळेलच असे नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमची रीत निराळी आहे: तिथे वेगळ्या कोटाचेकची गरज नसते, परंतु ‘यूकोटा’ हा पर्याय विभाजन जोडतानाच द्यावा लागतो आणि रूट विभाजनासाठी, म्हणजे प्रणाली स्वतः जिथे असते त्या मुख्य विभाजनासाठी, तो बूटलोडरमधून (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधून) कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, कळवावा लागतो. फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीवर एफएसटॅबमध्ये ‘यूजरकोटा’ लिहून आरसी डॉट कॉन्फ या मांडणीच्या फाइलमध्ये ‘कोटा इनेबल’ला ‘येस’ द्यावे लागते. सगळे विद्यार्थी एकाच खात्यातून काम करत असतील (आणि अशा प्रयोगशाळा आहेत), तर मर्यादा खात्यागणिक असल्याने यातले काहीच उपयोगाचे नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या व्यवस्थापकाच्या खात्याला तर कोटा अडवतच नाही.

माझी सूचना महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांना आहे. सर्व्हर बसवणाऱ्याचे देयक मंजूर करण्यापूर्वी तो सर्व्हर शिक्षकांसमोर बंद करून पुन्हा सुरू करायला लावावा, कोणीही हाताने आज्ञा न देता ‘कोटाऑन’च्या ‘पी’ पर्यायाने कोटा चालू असल्याचे पाहावे आणि एका चाचणी खात्यातून मर्यादेपेक्षा मोठी फाइल लिहून ती खरोखर अडते का, हेही तपासावे. या तपासणीला पैसे लागत नाहीत. नव्या डिस्कचा प्रस्ताव आला, तर त्यावर सही करण्यापूर्वीही हीच तपासणी मागावी.

आपला,
एक प्रयोगशाळा सहायक,
जि. यवतमाळ